महाराजांचा फोटो पोस्टरवर आहे, बसचा नंबर कुठे आहे?

पोस्ट लांब आहे. पण ज्यांच्या घरातून यंदा कोणी नेपाळला निघालंय, किंवा "नाव टाकू का?" असा विचार चाललाय, त्यांनी शेवटपर्यंत वाचा. बाकीच्यांनी वाचून अशा घरांपर्यंत पोचवा.

परदेशातली सहल म्हटलं की पेपरात दुबई, थायलंड, युरोपच्या जाहिराती दिसतात. आपल्या धावडा, वालसावंगी, पारध, पिंपळगाव रेणुकाई या पट्ट्यात मात्र परदेश म्हणजे बहुतेक वेळा एकच : नेपाळ. पशुपतिनाथ, मुक्तिनाथ, जनकपूर. आपले बौद्ध बांधव भन्तेजींसोबत बोधगया, सारनाथ, कुशीनगर करत लुंबिनीला जातात, तेही नेपाळच. व्हिसा लागत नाही, पासपोर्ट नसला तरी मतदान कार्डावर जाता येतं, आणि जन्मभर शेतात राबलेल्या माणसाला "मी परदेश पाहून आलो" म्हणता येतं. ही काही लहान गोष्ट नाही. ज्या माउलीने पंढरपूर आणि आळंदीपलीकडे काही पाहिलं नाही, तिला हिमालय दिसावा, यात वाईट काहीच नाही.

म्हणजे "जाऊ नका" असं सांगायला ही पोस्ट नाही. कसं ठरवून जायचं, त्याबद्दल आहे.

आधी एक तारीख आठवा. २३ ऑगस्ट २०२४. पोखऱ्याहून काठमांडूला निघालेली यात्रेकरूंची बस नेपाळच्या तनहुँ जिल्ह्यात मर्स्यांगदी नदीत कोसळली. आतली माणसं होती आपल्या शेजारच्या जळगाव जिल्ह्यातली, भुसावळ तालुक्यातल्या वरणगाव परिसरातली. पंचवीसहून जास्त माणसं गेली. हवाई दलाच्या विमानाने मृतदेह जळगावला आणावे लागले. अजिंठ्याचा घाट उतरला की पलीकडे जळगाव जिल्हा. आपल्या पोरीबाळी तिकडे दिलेल्या आहेत. ती बातमी टीव्हीवर पाहताना आपल्याकडेही अनेकांचा हात फोनकडे गेला होता.

त्या अपघातात कोण चुकलं ते सांगण्याचा मला अधिकार नाही. डोंगरातला रस्ता, पावसाळा, खाली नदी. अपघात कोणाचाही होऊ शकतो. माझा प्रश्न वेगळा आहे. आज आपल्या गावातून एक बस नेपाळला निघाली आणि देव न करो तिला काही झालं, तर त्या बसमध्ये नेमकं कोण कोण होतं, बस कोणाची होती, तिचा विमा नेपाळात चालत होता का आणि फोन करायचा कोणाला, या चार प्रश्नांची उत्तरं गावात कोणाकडे असतील? मला वाटतं, कोणाकडेच नसतील. कारण नाव टाकताना ते कोणी विचारतच नाही.

आपण विचारतो काय? दोनच गोष्टी. "किती रुपये?" आणि "सोबत कोण आहे?"

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा एखाद्या कीर्तनकार महाराजांचं नाव असतं. पोस्टरवर त्यांचा मोठा फोटो, मागे पशुपतिनाथाचं मंदिर, खाली "पशुपतिनाथाच्या चरणी भागवत कथा" आणि संपर्कासाठी तीन-चार मोबाईल नंबर. महाराजांबद्दल आदर आहेच. पण महाराज कथा सांगणार आहेत, बस चालवणार नाहीत. पोस्टरवर सगळं असतं, बसचा नंबर आणि मालकाचं नाव तेवढं नसतं.

आता हा धंदा कसा चालतो ते बघा. गावात पैसे गोळा करणारा एक ओळखीचा माणूस असतो. तो नावं तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या यात्रावाल्याकडे देतो. यात्रावाला रेल्वेने जथ्था गोरखपूर किंवा प्रयागराजपर्यंत नेतो आणि तिथून तिकडच्याच मालकाची बस भाड्याने घेतो. नेपाळमधली हॉटेलं आणखी तिसऱ्याच माणसाने ठरवलेली असतात. स्वयंपाकी आपला, बस उत्तर प्रदेशाची, हॉटेल काठमांडूचं, आणि पैसे दिले गावातल्या भाऊंच्या हातात. सगळं सुरळीत पार पडलं तर ही साखळी कोणाला दिसतही नाही. बिघडलं की प्रत्येक कडी पुढच्या कडीकडे बोट दाखवते. गावातले भाऊ म्हणतात, "मी फक्त नावं घेतली." यात्रावाला म्हणतो, "बस माझी नाही." बसवाला म्हणतो, "मला तुमच्या माणसांशी काय करायचं, माझा व्यवहार यात्रावाल्याशी."

म्हणून पहिला नियम : पैसे ज्याच्या हातात देता, त्याच्याकडून तुमच्या नावाची पावती घ्या, आणि त्या पावतीवर यात्रेची सगळी जबाबदारी घेणाऱ्याचं नाव-पत्ता असू द्या. एकाच माणसाचं. गावातले भाऊ जबाबदारी घेत नसतील तर जो घेतो त्याचं.

कोणी म्हणेल, "आपल्याच माणसाला पावती मागायची म्हणजे अविश्वास दाखवणं झालं." असं अजिबात नाही. आपण बियाणं कोणाकडून घेतो? वर्षानुवर्षांच्या ओळखीच्या दुकानदाराकडून. तरी पक्कं बिल घेतो ना? पिशवी आणि टॅग जपून ठेवतो ना? कारण उगवण झाली नाही तर तक्रार बिलावर आणि टॅगवर होते, ओळखीवर होत नाही. आपला जालना जिल्हा बियाण्याचा जिल्हा. एका पिशवीसाठी जो कागद सांभाळतो, तो शेतकरी आपल्या माय-बापाला परक्या देशात पाठवताना एक चिठ्ठी मागायला लाजतो. हे कुठेतरी चुकतंय.

आता पहिल्या प्रश्नाकडे येऊ. "किती रुपये?"

दोन यात्रावाल्यांच्या दरात माणशी हजाराचा फरक असला की आपण स्वस्ताकडे वळतो. जरा हिशोब करा. पन्नास सीटांची बस धरली तर माणशी हजार म्हणजे पन्नास हजार रुपये. एवढे पैसे कुठून तरी वाचवावेच लागतात. डिझेल तेवढंच लागतं, नेपाळचा कर तेवढाच लागतो. मग वाचतं कुठे? एक ड्रायव्हर कमी केला की वाचतं. रात्री मुक्काम न करता गाडी रात्रभर चालवली की एका रात्रीचं हॉटेल वाचतं. जुनी गाडी घेतली की भाडं वाचतं. "रात्रीचा प्रवास, दिवसा दर्शन" हे ऐकायला सोयीचं वाटतं, पण नेपाळच्या घाटात त्याचा अर्थ दिवसभर दमलेला ड्रायव्हर अंधारात नदीच्या कडेने गाडी चालवतोय, असा होतो. त्या हजार रुपयांसाठी हा सौदा कोणाला परवडणार आहे?

त्यात आपला हंगाम. आपल्याकडे मिरचीचा पैसा पावसाळ्याच्या तोंडावर यायला लागतो. पेरणी उरकलेली असते, घरातली म्हातारी माणसं मोकळी असतात, पुढे श्रावण येतो. म्हणून यात्रा श्रावणात निघते. आपल्या हिशोबाने सगळं बरोबर. पण नेपाळचे रस्ते नेमके त्याच वेळी सगळ्यात वाईट असतात. जून ते सप्टेंबर तिथे दरडींचा काळ. वरणगावच्या अपघाताच्या सहा आठवडे आधी, १२ जुलै २०२४ ला, चितवन जिल्ह्यात सिमलताल इथे दरडीने दोन बस एकदम त्रिशूली नदीत लोटल्या. साठहून जास्त माणसं त्यात होती, काही भारतीयही होते. पोखरा आणि काठमांडूकडे जाणारे रस्ते याच नद्यांच्या कडेने जातात. दसरा-दिवाळी झाली की आभाळ मोकळं होतं, हिमालयही दिसतो. उन्हाळ्याच्या सुरुवातीलाही जाता येतं. देव बारा महिने तिथेच आहे. मिरचीचे पैसे बँकेत ठेवा आणि कार्तिकात जा.

आता नाव टाकण्याआधी काय काय विचारायचं ते क्रमाने सांगतो. सोपं आहे, वही-पेन घेऊन बसा.

१. बस. कोणाची, नंबर काय, किती जुनी? दोन ड्रायव्हर आहेत का? घाटात रात्री गाडी चालणार नाही, हे लिहून देणार का? भारतातली बस सोनौलीच्या नाक्यावरून नेपाळात जाते तेव्हा तिला तिकडचा भन्सार, म्हणजे आयात कराचा दाखला, आणि परवाना काढावा लागतो. तो किती दिवसांचा काढणार? आणि सगळ्यात महत्त्वाचं : विमा. भारतातल्या गाडीचा विमा मुळात भारतापुरता असतो. नेपाळात तो लागू व्हायचा असेल तर जादा हप्ता भरून पॉलिसीवर तशी नोंद करून घ्यावी लागते. "गाडीचा विमा आहे" एवढ्यावर थांबू नका. "पॉलिसीवर नेपाळ लिहिलंय का, दाखवा" असं म्हणा. शिवाय प्रत्येक प्रवाशाचा वेगळा प्रवास विमा काढता येतो. आयुष्मान कार्ड नेपाळच्या दवाखान्यात चालत नाही, हे लक्षात असू द्या.

२. दिवसाचा कार्यक्रम. "दहा दिवस, सर्व दर्शन" हे पुरेसं नाही. कोणत्या दिवशी कुठून कुठे, किती तास गाडीत, मुक्काम कुठे, हॉटेलचं नाव काय, एका खोलीत किती जण, हे सगळं कागदावर हवं. "मुक्तिनाथ" लिहिलं असेल तर ते भाड्यातच धरलंय की तिथे गेल्यावर वेगळे पैसे, ते विचारा. आणि घरातल्या माणसाची तब्येत पाहा. मुक्तिनाथ ३,७०० मीटर उंचीवर आहे. आपल्या महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर कळसूबाई १,६४६ मीटर. म्हणजे दुपटीहून जास्त. हवा विरळ असते. दमा असेल, हृदयाचा त्रास असेल, बीपी वर-खाली होत असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. ज्याला जमणार नाही त्याला खाली पोखऱ्यात कोणासोबत ठेवणार, हेही यात्रावाल्याला विचारून ठेवा.

३. गाइड. "सोबत गाइड" असं पोस्टरवर असतं. तो कोण, कुठला, त्याला मराठी किंवा हिंदी येते का, तो पूर्ण प्रवासात आहे की फक्त काठमांडूत? आपण अजिंठ्याच्या जवळची माणसं, हा फरक आपल्याला कळायला पाहिजे. लेण्यात ओळखपत्र लावून चित्रांची माहिती देणारा सरकारमान्य गाइड वेगळा, आणि पायथ्याशी रंगीत दगड घेऊन मागे लागणारा वेगळा. परदेशात मात्र दोघं एकच होऊन बसतात. मंदिर अर्ध्या तासात उरकतं आणि रुद्राक्षाच्या दुकानात दोन तास जातात. "एकमुखी आहे आजी, तुमच्या नशिबानेच निघाला" म्हणत शाळिग्राम, रुद्राक्ष, मोती गळ्यात मारले जातात, आणि दुकानदाराकडून कमिशन कोणाला मिळतं ते आजीला कधीच कळत नाही. म्हणून आधीच विचारा, "किती दुकानांत थांबणार?" आणि घरच्यांना सांगून पाठवा की महागाची वस्तू गाइडने दाखवलेल्या दुकानात घ्यायची नाही.

४. पैसे. सगळी रक्कम आधी देऊ नका. थोडी विसार म्हणून, बाकी रेल्वे तिकीट आणि बसचा तपशील हातात आल्यावर. शक्यतो बँकेतून किंवा फोनवरून द्या, म्हणजे नोंद राहते. यात्रा रद्द झाली तर किती परत, आपण रद्द केली तर किती कापणार, हे लिहून घ्या. सप्टेंबर २०२५ मध्ये नेपाळात काय झालं ते पाहिलंय. ८ तारखेला तरुणांचं आंदोलन पेटलं, दुसऱ्या दिवशी संसद जळाली, पंतप्रधानांनी राजीनामा दिला, काठमांडूचं विमानतळ बंद झालं, संचारबंदी लागली. आपल्याकडचे कितीतरी पर्यटक तिथे अडकून पडले. अशा वेळी जादा दिवसांचं हॉटेल आणि जेवण कोणाच्या खिशातून? हे भांडण तिथे करण्यापेक्षा इथे कागदावर मिटलेलं बरं.

५. कागदपत्रं आणि फोन. १५ ते ६५ वयाच्या माणसाला नेपाळसाठी पासपोर्ट किंवा मतदान कार्ड लागतं. आधार कार्ड नियमाने तेवढ्याला चालत नाही, विमानाने जाताना तर नाहीच. ६५ च्या वरच्यांना आणि १५ च्या आतल्यांना फोटो असलेलं दुसरं ओळखपत्र चालतं. मतदान कार्ड घरात सापडत नसेल तर आत्ताच शोधा. आपलं सिम सीमा ओलांडली की बंद पडतं, रोमिंग मारून घ्या किंवा तिकडचं सिम घ्या. प्रत्येक यात्रेकरूच्या खिशात एक चिठ्ठी असू द्या : नाव, गाव, घरचा फोन, चालू असलेली औषधं, यात्रावाल्याचा नंबर, काठमांडूतल्या भारतीय दूतावासाचा नंबर. भारताच्या शंभर रुपयाला नेपाळचे १६० रुपये, हा भाव ठरलेला आहे, तोही म्हाताऱ्या माणसांना सांगून ठेवा. शंभरापर्यंतच्या नोटा न्या. मोठ्या नोटांचे नियम बदलत आलेत, निघण्याआधी बँकेत विचारा.

एवढं सगळं यात्रावाल्याने कागदावर दिलं तर समजा माणूस कामाचा आहे. "अहो, एवढं कोण विचारतं? आजवर किती ट्रिपा काढल्या" असं म्हणाला तर हात जोडून दुसरा शोधा. कागद कसा असावा हे पाहायचं असेल तर आयआरसीटीसीच्या वेबसाइटवर त्यांच्या सहली बघा. त्यांच्याकडूनच घ्या असं नाही. पण भाड्यात काय आहे, काय नाही, किती दिवस आधी रद्द केलं तर किती पैसे कापणार, हे तिथे ओळीने लिहिलेलं असतं. नमुना म्हणून पोराला मोबाईलवर दाखवायला सांगा.

यात सरकारचीही एक बाजू आहे. हजला खाजगी टूरने जायचं तर त्या टूरवाल्याची केंद्र सरकारकडे नोंदणी लागते, त्यांची यादी असते. आपले मुस्लिम बांधव ती यादी बघून ठरवू शकतात. नेपाळच्या यात्रावाल्यांसाठी अशी सक्ती नाही. पर्यटन खात्याची मान्यता असते, पण ती ऐच्छिक. म्हणजे उद्या कोणीही एक पोस्टर छापून पन्नास माणसं परदेशात नेऊ शकतो. हे बदलायला पाहिजे असं मला वाटतं. हजच्या यात्रेकरूला जे संरक्षण आहे ते पशुपतिनाथ आणि लुंबिनीच्या यात्रेकरूला का नको? आमदार-खासदार गावात आले की रस्ता-पाण्यासोबत हाही प्रश्न विचारा.

फसवणूक झाली तर दारं बंद नाहीत. १९१५ हा ग्राहकांचा राष्ट्रीय हेल्पलाइन नंबर आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तुम्ही जिथे राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. म्हणजे यात्रावाला पुण्याचा असो की गोरखपूरचा, तक्रार जालन्याच्या ग्राहक आयोगात चालते, आणि दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. मुदत दोन वर्षांची. पण तिथे पहिला प्रश्न हाच येतो, "पावती कुठे आहे?"

सरकार करेल तेव्हा करेल. गावाला आजच करता येईल अशी एक गोष्ट सुचवतो. ग्रामपंचायतीत एक साधी वही ठेवा. गावातून कोणतीही लांबची यात्रा निघाली, मग ती नेपाळची असो, लुंबिनीची असो की उमराहची, की नेणाऱ्याने त्यात लिहावं : प्रवाशांची नावं, घरचे फोन, निघण्याची आणि परतीची तारीख, बस किंवा विमानाचा तपशील, जबाबदार माणसाचं नाव. एक प्रत पोलीस ठाण्यात द्यावी. बस बदलली, माणसं एका गाडीतून दुसऱ्या गाडीत बसली, तर फोन करून वहीत दुरुस्ती करावी. वरणगाव परिसरातला जथ्थाही एका नव्हे, तीन बसमध्ये विभागलेला होता. अशा वेळी टीव्हीवर "महाराष्ट्राची बस" एवढंच दिसतं, आणि घरच्यांचा जीव तासन् तास टांगणीला लागतो. आपला माणूस कोणत्या बसमध्ये होता, हे गावातल्या वहीत मिळालं तर ते तास वाचतात. खर्च शून्य. येत्या ग्रामसभेत हा विषय ठेवावा, अशी सरपंच, सदस्य आणि ग्रामसेवक साहेबांना जाहीर विनंती.

प्रामाणिक यात्रावाल्यांनी यात राग मानण्यासारखं काही नाही. आपल्या भागात मनापासून सेवा म्हणून यात्रा काढणारे, स्वतःच्या खिशातून म्हाताऱ्यांची औषधं आणणारे लोक आहेत. नुकसान त्यांचंच जास्त होतं, कारण दोन ड्रायव्हर ठेवणाऱ्याचा दर एक ड्रायव्हर ठेवणाऱ्यापेक्षा जास्त येतो आणि आपण स्वस्त बघून दुसऱ्याकडे जातो. लोक बसचा नंबर आणि विमा विचारायला लागले की नीट काम करणाऱ्याचा दर आपोआप पटायला लागेल.

आपल्या माणसांनी पशुपतिनाथ पाहावा, लुंबिनीचं पिंपळाचं झाड पाहावं, हिमालय डोळे भरून पाहावा आणि घरी येऊन नातवंडांना रंगवून सांगावं. त्यासाठीच हे सगळं लिहिलं. पुढच्या वेळी कोणी पोस्टर घेऊन दारात आलं, तर पाणी द्या, चहा पाजा आणि "किती रुपये?" च्या आधी विचारा :

"भाऊ, बसचा नंबर सांगा आणि पॉलिसीवर नेपाळ लिहिलंय का ते दाखवा."

जय हरी. जय भीम. खुदा हाफिज. सगळ्यांचा प्रवास सुखाचा होवो.